सरपंचताई, व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे?

गावात पाणी कधी सुटणार, हे कागदावर ग्रामपंचायत ठरवते. प्रत्यक्षात ते पाणी सोडणारा माणूस ठरवतो, आणि त्याच्या कानाला लागलेले दोन-तीन जण असतात. कुणाच्या आळीत आधी, कुणाच्या आळीत किती वेळ, लग्नघरी जादा, आणि मतं न देणाऱ्या वस्तीत ‘मोटर जळाली’. गावचं निम्मं राजकारण त्या लोखंडी चावीवर फिरतं. पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच आणि सदस्य महिलांसाठी लिहिलेल्या या लेखाची सुरुवात म्हणून चावीपासून केली आहे.

तरी कायद्यातलं थोडं माहीत असावं, कारण ‘बाईला यातलं काय कळतंय’ असं म्हणणाऱ्याला तेवढंच उत्तर पुरतं. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिच्यामुळे पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या आणि अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी हा पंचायतीचा विषय म्हणून नोंदला गेला. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे पाण्याच्या बाबतीत तुम्ही कुणाच्या मेहेरबानीवर बसलेल्या नाही.

या आरक्षणाने फरक पडतो का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. प्रमुखपद महिलेसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त पैसा गेलेला त्यांना दिसला. दोन्ही राज्यांत पाण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांतही बायकाच पुढे होत्या. बायका जात्याच चांगला कारभार करतात, असा अर्थ यातून कुणी काढू नये. पाणी भरायला कोण जातं, त्यावरून पैसा कुठे जावा याचं मत बनतं, एवढंच.

आधी लाइन पायाखाली घाला

शपथ, सत्कार, फोटो उरकले की पहिल्या पंधरा दिवसांत एक सकाळ मोकळी काढा. पाणी सोडणाऱ्याला बरोबर घ्या आणि प्रत्येक वस्तीतली एक-एक बाई घ्या. विहिरीपासून निघायचं आणि गावातल्या शेवटच्या नळाशी थांबायचं. विहीर किंवा बोअर, मोटर, स्टार्टर, वर चढणारी मुख्य लाइन, टाकी, टाकीखालचे व्हॉल्व्ह, मग गल्ल्यांतल्या लाइनी. जाताना वहीत कच्चा नकाशा काढा. अनेक गावांत हा नकाशा फक्त पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात असतो. तो आजारी पडला की गाव तहानलेलं राहतं.

प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून त्याला तीन गोष्टी विचारा. हा कोणत्या वस्तीचा? किती वेळ उघडा ठेवतोस? किती फेऱ्या उघडतोस? तिसऱ्या प्रश्नाला तो जरा थबकेल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चावीच्या बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात. अर्ध्या फेऱ्या मारल्या तरी ‘सोडलं की पाणी’ असं म्हणता येतं, आणि वरच्या आळीला मात्र नळातून नुसती हवा येते. वेळ सारखी दिली, फेऱ्या सारख्या दिल्या नाहीत, तर वाटप सारखं होत नाही. दोन्ही आकडे लिहून घ्या.

शेवटच्या नळाशी बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ काढा. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर झाले. 15 लिटरची बादली तीन मिनिटांत भरली, तर मिनिटाला 5 लिटर पाणी येतंय, आणि त्या घराला पुरेसं पाणी मिळायला 55 मिनिटं नळ चालला पाहिजे. पाणी वीस मिनिटंच सुटत असेल, तर त्या घराला 100 लिटर मिळतात. हा आकडा तारखेसकट लिहा. नंतर सभेत ‘सगळ्यांना पुरतंय की’ असं कुणी म्हणालं, तर आवाज न चढवता तो वाचून दाखवता येतो.

शेवटचा नळ बहुतेकदा कुठे असतो, हे सांगायला नको. दलित वस्ती, आदिवासी पाडा, भटक्यांची पालं, नव्याने झालेली घरकुलं. लाइन गावठाणापासून टाकत नेली की ही घरं आपोआप टोकाला येतात, आणि उतारावर असूनही मधल्या घरांच्या मोटरींमुळे कोरडी राहतात. थेट नळाला मोटर लावून पाणी ओढणं हा गावोगावचा रोग आहे. त्यासाठी नोटीस द्यायची तर सुरुवात सदस्यांच्या घरांपासून करा, तुमच्या घरीही मोटर असेल तर ती सगळ्यांत आधी काढा. नाहीतर नोटिसा कुणी वाचणार नाही.

पाणी सोडणाऱ्याशी मात्र पहिल्याच दिवशी भांडू नका. त्याचा पगार तुटपुंजा असतो, तोही अनेकदा महिनोन्महिने थकलेला, आणि शिव्या मात्र रोज मिळतात. पगार वेळेवर निघेल एवढी व्यवस्था आधी लावा. मग वस्तीनिहाय वेळापत्रक मासिक सभेत मंजूर करून पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. भिंतीवर लिहिलेलं असलं, की ‘अमक्याचा फोन आलाय’ म्हणणाऱ्याला तोही भिंत दाखवू शकतो. वेळापत्रक त्यालाही वाचवतं.

टाकीत काय पडतंय

पाणी भरपूर आणि दूषित, असं असेल तर पहिल्या पावसातच दवाखाना भरतो. निर्जंतुकीकरणाचं काम जलसुरक्षकाचं असतं, पण ते नीट होतंय का हे बघणं तुमचं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं पडलं, ओल लागली, की ताकद उतरते, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे चुनखडी टाकणं. पोतं कुठे ठेवलंय ते जाऊन बघा. मोटरच्या खोलीत ओल्या फरशीवर, तोंड उघडं, असं दिसलं तर पहिली दुरुस्ती तिथली.

कोरडी पावडर तशीच टाकीत ओतायची नसते. लागेल तेवढी पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, बादली पाऊण भरेल एवढं पाणी घालून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं न हलवता ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी टाकीत जातं, खालचा गाळ टाकून द्यायचा. मात्रा साधारण हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. 50 हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम झाले. नक्की मात्रा पाण्यावर आणि पावडरच्या ताकदीवर ठरते, ती आरोग्य सहायकांकडून लिहून घेऊन टाकीच्या खोलीत चिकटवा. औषध टाकल्यावर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबून मगच पाणी सोडायचं.

मग येते ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट. परीक्षानळीत नळाचं पाणी, त्यात ओटीचे थेंब. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, नाही आली तर नाही. ही टेस्ट टाकीखालच्या नळावर करून नोंदवहीत ‘योग्य’ लिहिण्याची पद्धत फार आहे. ती शेवटच्या नळावर करायला लावा. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. टाकीपाशी पिवळं आणि टोकाला पांढरं दिसलं, तर मध्ये कुठेतरी गळती आहे, बहुधा गटारीलगत. पाणी बंद झालं की त्याच भोकातून गटारीचं पाणी आत ओढलं जातं.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे विचारा. कधीकधी नावं कागदावर असतात आणि किट कपाटात. बचत गटातल्या, दहावी-बारावी झालेल्या सुना या कामाला उत्तम; महिन्याला चार नळ ठरवून द्या आणि निकाल ग्रामसभेत त्यांनाच वाचू द्या. जिवाणूंच्या तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं, तर ते पिण्यासारखं नाही, एवढं सगळ्यांना कळतं. काळी बाटली सभेत फिरवली की गळती काढायचा ठराव पास व्हायला वेळ लागत नाही.

क्लोरीनने सगळंच निघत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिऊ नये. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार आहेत. खतांच्या शेतांमध्ये असलेल्या विहिरींत नायट्रेट वाढतं, त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम. असल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि अहवाल आल्यावर तो फाइलला लावून विसरू नका, त्यावर ठराव घ्या.

पाणीपट्टीचा हिशेब आणि तुमची सही

योजना बंद पडते ती बहुधा पाण्यावाचून नाही, वीजबिलावाचून. पाच हॉर्सपॉवरची मोटर रोज सहा तास चालली, तर दिवसाला निदान 22 युनिट जळतात. त्यात पगार, टीसीएल, व्हॉल्व्हची दुरुस्ती, वर्षातून एकदा मोटरचं वाइंडिंग धरा. समजा हा सगळा खर्च वर्षाला 5 लाख 40 हजार आला आणि जोडण्या 300 आहेत, तर घरटी वर्षाला 1,800 रुपये, म्हणजे महिन्याला 150 झाले. तुमच्या गावात पट्टी त्याच्या निम्मी असेल, आणि तीही निम्म्याच घरांकडून येत असेल. पट्टी वाढवायची भाषा केली की निवडणूक आठवते, म्हणून कुणी बोलत नाही.

यावर एकच उपाय चाललेला दिसतो: आधी खर्च दाखवा, मग मागा. वर्षभराची वीजबिलं, पगार, दुरुस्तीची पावती एका मोठ्या कागदावर लिहून महिलांच्या सभेत लावा. घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब समजवावा लागत नाही. आज टँकरवर, जारवर, लांबून पाणी आणायला मजुरी बुडवण्यावर किती जातं, ते ती स्वतःच मांडते. वसुलीसाठी गावातल्या बचत गटांचा ग्रामसंघ तयार असेल तर त्याच्याशी ठरवा. बायकांनी बायकांकडून दरमहा घेतलेली पट्टी मार्चअखेरच्या जप्तीच्या नोटिशीपेक्षा जास्त जमते. पावती मात्र पंचायतीचीच द्यायची, तोंडी काही नाही. नमुना 9 ही मागणीची नोंदवही. त्यात थकबाकीदारांची नावं बघा, आणि वरची दहा नावं वाचून चेहरा कोरा ठेवायला शिका.

आता सहीबद्दल. ग्रामनिधीचा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (गावच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) या दोघांच्या सहीने निघतो. वित्त आयोगाचा पैसा तर आता ऑनलाइन जातो, त्यासाठी तुमच्या नावाची डिजिटल सही असते. ती पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू, म्हणजे डोंगल, कुणाकडे आहे? संगणक ऑपरेटरकडे? यजमानांच्या खिशात? तिचा पिन कुणाला माहीत आहे? तुमच्या नावाने नोंदवलेला मोबाइल नंबर खरंच तुमचाच आहे का? डोंगल ताब्यात घ्या, पिन बदला, नंबर स्वतःचा टाका. चौकशी लागली तर ती सहीच्या मालकाची लागते, खिशाच्या मालकाची नाही. कोऱ्या चेकवर, कोऱ्या प्रोसिडिंगवर सही नको. रात्री घरी आणलेल्या कागदावर तर नकोच. ‘उद्या ऑफिसात वाचते’ एवढं म्हटलं की पुरे. सहीखाली तारीख घाला.

घरातून मदत होते, ती नाकारायचं कारण नाही. गाडीवरून तालुक्याला नेणारा नवरा, हिशेब समजावणारा दीर, हे चालतं. पण सभेत तुमच्या खुर्चीशेजारी बसून तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला कायद्यात जागा नाही. घरातलं हे बोलणं कठीण असतं आणि लेख लिहून ते सोपं होत नाही. एक वाट अशी, की पाण्याचा विषय पूर्ण आपल्याकडे घ्यायचा. रस्ते, गटारी, सभामंडप यांवर घरातल्यांचं बोलणं चालू राहिलं तरी चालेल, पण पाण्याचे आकडे फक्त तुम्हालाच पाठ असतील अशी वेळ आणायची. ज्याला आकडे माहीत नाहीत तो अधिकाऱ्यांसमोर दोन वाक्यांनंतर थांबतो.

ठेकेदाराची योजना ताब्यात घेतानाची सही सगळ्यांत महागाची. पूर्णत्वाच्या आणि हस्तांतरणाच्या कागदावर सही झाली, की गळकी लाइनही तुमची. पूर्ण दाबाने पाणी सोडून शेवटच्या नळावर बादली लावून बघितल्याशिवाय, टाकी भरून चोवीस तास ठेवल्याशिवाय, अंदाजपत्रकातल्या खोलीवर पाइप गाडलाय का ते दोन-चार ठिकाणी उकरून पाहिल्याशिवाय, लाइनचा नकाशा आणि मोटरचे वॉरंटीचे कागद हातात आल्याशिवाय सही करू नका. दबाव येईल. कमतरतांची यादी करून ती पत्राने कळवा आणि पोच घ्या. तोंडी नकारापेक्षा पोच घेतलेलं पत्र जड असतं.

सभा आपल्या वेळेला

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरात होते. सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. तुमच्या हातातलं सगळ्यांत धारदार हत्यार हेच आहे, ते गंजू देऊ नका. वेळ बायकांची धरा. पाणी येण्याच्या वेळेला सभा ठेवली तर कोण येणार? महिला सभेतला ठराव नीट शब्दांत लिहून, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट ग्रामसभेपुढे न्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. साठ बायका आपल्या पायांनी आल्या, तर सभेचा रंगच वेगळा असतो. इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या इतिवृत्तात गळालेला मुद्दा नेमका तुमचाच असतो.

मृणाल गोरे यांना मुंबईत ‘पाणीवाली बाई’ म्हणत. 1961 मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेत निवडून गेल्या. वस्तीतल्या बायकांना संघटित करून पाण्याचा प्रश्न लावून धरायचा, ही त्यांची रीत होती, आणि पुढे विधानसभा व लोकसभेपर्यंतचा त्यांचा रस्ता त्या नळांवरून गेला. पाणी हा ‘बायकांचा किरकोळ विषय’ म्हणून तुमच्या गळ्यात कुणी घातला, तर आनंदाने घ्या.

उन्हाळ्याची तयारी उन्हाळ्यात होत नाही. टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. विहीर अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, शेवटी टँकर, यांतलं काय लागेल ते दिवाळीच्या आसपास ठरवून ठराव पंचायत समितीत पोचवा. टँकरच्या वेळी माप माणशी 20 लिटरवर येतं, त्यात जनावरं नसतात, तेव्हा टँकरची वाट बघण्यात शहाणपण नाही. गावच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत कुणी नवी विहीर किंवा बोअर घेत असेल, तर भूजल कायद्याखाली लेखी तक्रार करा. ही तक्रार बहुधा एखाद्या वजनदार माणसाविरुद्ध असते, म्हणून ती एकटीच्या नावाने न करता ग्रामसभेच्या ठरावाने करा. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो; धरण जवळ असणं आणि पाणी घरात असणं यांचा संबंध नसतो, हे त्या पाड्यांवरच्या बायका चांगलं जाणतात.

पैशासाठी एक लक्षात असू द्या. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित होती, निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. बंधित पैसा कमानीवर किंवा सभामंडपावर घालता येत नाही. तो कशावर खर्ची पडला, हे जुन्या वर्षांचं मागवून बघा. पुढच्या आयोगाच्या अटी काय आहेत, ते लेखी घ्या.

पाच वर्षांनी आरक्षण फिरतं. जागा खुली झाली की ‘आता तुमची पाळी संपली’ असं सांगितलं जातं. खुल्या जागेवर बाईला उभं राहता येतं, कुठलाही कायदा अडवत नाही, आणि पाणी नीट चालवलेल्या बाईला पाडणं विरोधकांना जड जातं. तेव्हा नकाशा, वेळापत्रक, ओटीची वही, ठरावांच्या प्रती यांचा एक संच पंचायतीच्या दप्तरात आणि दुसरा घरी ठेवा. आणि अर्ज भरायच्या आधी स्वतःच्या घराची थकबाकी बघा: मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही, तर सदस्यत्वासाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं. छाननीच्या दिवशी विरोधक आधी तीच पावती मागतात, ती अर्जाच्या फाइलमध्ये वरच लावा.